जुन्या पैठणीवर हळदीचा डाग, काळवंडलेली जरी आणि घडीवर चिरा: घरी काय करता येईल?

असावली:
नमस्कार मंडळी. आईची पैठणी आहे, साधारण पस्तीस वर्षांपूर्वी येवल्याहून घेतलेली. राणी रंग, हिरवे काठ, पदरावर मोर. आजवर पाण्यात घातलेली नाही, दोनदा ड्रायक्लीन झाली आहे. येत्या मार्गशीर्षात घरच्या लग्नात नेसायची आहे. आत्ताची अवस्था अशी:

निऱ्यांच्या भागात अंगठ्याएवढा हळदीचा डाग आहे, दोन आठवड्यांपूर्वीचा. त्यावर अजून काहीही लावलेलं नाही. पदराची जरी घडीच्या रेघांवर काळपट झाली आहे, मधल्या भागात चमक आहे. पदर सुरू होतो तिथे, घडीवरच, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या दोन चिरा आहेत. कुबट वासही येतो. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या घालून ठेवलेली होती.

रिठ्याच्या पाण्यातून काढली तर चालेल का? लाँड्रीवाले म्हणतात, पेट्रोल वॉश करून रोल पॉलिश मारतो, नव्यासारखी होईल. जरीसाठी कुणी चिंच सांगतं, कुणी टूथपेस्ट. आम्ही ठाण्यात राहतो, म्हणजे पावसाळ्यातल्या दमटपणाचाही प्रश्न आहे. शिवाय एक कोशाची ओढणी आहे, ती घरी कशी धुवावी तेही सांगा.

ताणाबाणा:
रिठा रेशमाला चांगला, पण ही साडी पाण्यात घालू नका.

पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा असतो. काठाचा हिरवा आणि अंगाचा राणी हे धागे काठाशी एकमेकांत अडकवून विणलेले असतात. पदराची जमीन जरीची आणि तीवरची नक्षी रंगीत रेशमाची, म्हणजे मोराच्या एका पिसाऱ्यातच चार-पाच वेगवेगळ्या रंगांच्या लडी येतात. यातला एकही रंग सुटला तर तो शेजारच्या धाग्यात उतरतो आणि मग परत काढता येत नाही. दुसरं, रेशमाचा धागा पाण्यात फुगतो, जरीची धातूची पट्टी फुगत नाही. वाळताना रेशीम आवळतं आणि पदराला सुरकुत्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. तिसरं कारण तुमच्या चिरांचं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं आणि सहावारी साडी पाणी पिऊन चांगली जड होते. टबातून उचलताना तो सगळा भार नेमका चिरांवर येईल.

काहीही करण्याआधी दोन तपासण्या करा.

पहिली जरीची. पदराच्या टोकाला सुटे राहिलेले धागे असतात, त्यातला एक जरीचा धागा घ्या आणि नखाने किंवा ब्लेडच्या बोथट बाजूने खरवडा. सोनेरी थराखाली पांढरी चमक दिसली आणि आत रेशमाचा धागा निघाला तर ती खरी जरी: रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. खाली लालसर दिसलं तर तांब्यावरची, म्हणजे टेस्टेड जरी. धागा ज्योतीजवळ नेताच आकसून वितळला तर प्लॅस्टिकची. प्रत्येकीचा आजार वेगळा, औषधही वेगळं. चांदी काळी पडते, तांबं घामाने हिरवट होतं, प्लॅस्टिक इस्त्रीखाली वितळतं आणि काही ड्रायक्लीनिंगच्या द्रावणांत त्याचा सोनेरी लेप निघून ते पांढरं पडतं. साध्या रेशमाचा धागाही तसाच जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की विझतं आणि काळी राख बोटाने चुरडली जाते. कडक मणी तयार झाला तर धाग्यात पॉलिस्टर आहे.

दुसरी तपासणी रंगाची. फॉलच्या आतली बाजू यासाठी उत्तम, ती बाहेर दिसत नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला एक थेंब पाणी लावून कापडावर टेकवा, खाली-वर पांढरं सुती कापड ठेवून दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. घासायचं नाही. राणी, हिरवा, आणि पदराच्या मागच्या बाजूने नक्षीचा प्रत्येक रंग वेगळा तपासा. मग हेच सर्जिकल स्पिरिटने करा, कारण हळदीच्या डागासाठी त्याचं उत्तर लागणार आहे. पाण्यात पक्का असलेला रंग स्पिरिटमध्ये सुटू शकतो, त्यामुळे एका परीक्षेवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मिठाच्या पाण्यात बुडवून रेशमाचा रंग पक्का होत नाही. रंग पक्का होतो तो रंगाऱ्याच्या भट्टीत, आम्ल आणि उष्णता देऊन. घरच्या मिठाने एवढंच होतं की क्षार जरीत शिरून बसतात आणि चांदी-तांबं दोन्ही लवकर खराब होतात.

काचकांजी:
मी ड्रायक्लीनिंगच्या बाजूने सांगते.

ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी द्रावणात धुणं. आपल्याकडे पर्क (परक्लोरोइथिलीन) किंवा पेट्रोलियमची द्रावणं वापरतात, त्यालाच बोलीभाषेत पेट्रोल वॉश म्हणतात. तेल, तूप, मेकअप, त्वचेचा तेलकटपणा त्यात जातो. घाम, साखर, सरबत, चहा, मीठ हे पाण्यात विरघळणारे पदार्थ मात्र त्यात जसेच्या तसे राहतात. ड्रायक्लीन करून आणलेली साडी कपाटात ठेवली आणि वर्षभराने पिवळे डाग उमटले, अशी तक्रार फार लोक करतात. तो बहुतेक वेळा न दिसणारा सरबताचा किंवा घामाचा डाग असतो, साखर हळूहळू तपकिरी झालेली असते. म्हणून दुकानात साडी देताना ‘स्वच्छ करा’ एवढं सांगून भागत नाही. कुठे, कसला, किती जुना डाग आहे हे सांगा आणि त्या जागी पांढरा दोरा टाकून खूण करा. जरी कोणती आहे तेही सांगा.

रोल पॉलिशला तुमच्या साडीच्या बाबतीत स्पष्ट नाही म्हणा. त्यात साडीवर खळ किंवा डिंकासारखा पदार्थ मारून ती गरम रुळांतून दाबून काढतात. नव्या, साध्या सिल्कला त्याने कडकपणा आणि झळाळी येते हे खरं. पण रुळाचा दाब चिरांवरून गेला की अर्ध्या इंचाची चीर दोन इंचांची होते, आणि घडीवर आधीच थकलेल्या जरीची तार तुटते. वर राहिलेली खळ म्हणजे कसरीला जेवणच. तुटलेले जरीचे धागे हाताला टोचायला लागले की समजावं, तार तुटली.

घरी पेट्रोल किंवा रॉकेल लावून डाग काढायचा विचारही करू नका. रेशमावर घासलं की स्थिर वीज तयार होते आणि बंद खोलीत पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते.

आता हळद. हळदीतला पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. साबण लागला, सोडा लागला की तो लालभडक होतो, कारण अल्कलीत त्याचा रंगच बदलतो. तुम्ही काही लावलं नाही ते फार बरं केलंत. कुणाचा डाग साबणाने लाल झाला असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपल्यावर तो परत पिवळा होतो, पण जात नाही. पुढची पद्धत त्यानंतरच.

ती पद्धत अशी. आधी कोरडी भुकटी काढा: डाग उलटा करून मागून टिचक्या मारा, मग मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. डागाखाली पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवा. साडीची सुलटी बाजू खाली हवी, म्हणजे डाग खालच्या कापडात उतरेल. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून निथळवा, ओलीचिंब नको. डागाच्या कडेपासून आत येत टिपा. आतून बाहेर गेलात तर डाग पसरून कडेला गोल वळं उमटतं. दर चार-पाच टिपांनंतर खालच्या कापडाची स्वच्छ जागा सरकवा आणि काडी बदला. खालच्या कापडावर पिवळं यायचं थांबलं की तुम्हीही थांबा. पण हे सगळं स्पिरिटच्या तपासणीत रंग पक्का ठरला तरच. उरलेली पिवळी छटा उन्हात उडते. काळ्या कागदाला डागाएवढं भोक पाडून बाकीची साडी झाका आणि सकाळचं ऊन पंधरा-पंधरा मिनिटं द्या.

वस्त्रजतन:
काचकांजी, टिपण्याबद्दल सहमत, उन्हाबद्दल नाही. हळद उन्हात उडते ते खरं, पण ज्या उन्हात हळद उडते त्याच उन्हात राणी रंगही उडतो. पस्तीस वर्षं अंधारात राहिलेला रंग किती टिकाऊ आहे हे आधी कळायला मार्ग नाही. पिवळ्या डागाच्या जागी फिकट गुलाबी गोल आला तर तो कायमचा. शिवाय ऊन रेशमाच्या प्रथिनालाच पिवळं आणि ठिसूळ करतं. पांढऱ्या सुती पंच्यावर हा उपाय जरूर करावा, जुन्या रंगीत रेशमावर नाही. डाग निऱ्यांत जातो आहे. आतल्या निरीत घ्या आणि राहू द्या.

काळवंडलेली जरी. चांदीवर हवेतल्या गंधकाच्या वायूंनी जो काळा थर चढतो तो हा. घडीवर आधी येतो, कारण तिथे मुलामा झिजून चांदी उघडी पडलेली असते. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, चांदी चमकवायचं लिक्विड यातलं काहीही लावू नका. खऱ्या जरीत सोनं वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी असतं. घासलं की काळेपणाबरोबर तेही जातं आणि खालची चांदी उघडी पडून आणखी लवकर काळी होते. चिंचेचं आम्ल तारेच्या फटींतून आतल्या रेशमी धाग्यापर्यंत जातं, ते धुऊन काढता येत नाही. टूथपेस्टची पांढरी पूड विणीत अडकून बसते. घरी करण्यासारखं एकच आहे: मेकअपच्या मऊ, कोरड्या, नव्या ब्रशने तारेच्या दिशेने धूळ झटकणं. निम्मी मरगळ धुळीची असते, ती त्यानेच जाते. उरलेला काळेपणा हे त्या जरीचं वय आहे, तो दिसला तरी पदराची शोभा जात नाही.

चिरांना सध्या रफू नको. रफूगर चिरेच्या कडांमधून धागे ओढून नवी वीण भरतो. कापड दमदार असेल तर ते काम सुंदर होतं. इथे कडाच कमजोर आहेत, त्या ताणल्या की चीर रफूच्या बाहेरून पुढे सरकते. त्याऐवजी मागून आधार द्या. राणी रंगाच्या जवळच्या छटेचं पातळ, मऊ, शुद्ध रेशमी कापड घ्या. ते आधी पाण्यातून काढून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. चिरेपेक्षा चहूबाजूंनी दीड इंच मोठा तुकडा कापा, कडा आत दुमडू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. साडी टेबलावर सपाट पसरा, हातात धरून शिवू नका. चिरेच्या दोन्ही कडा बोटाने जवळ आणा, एकमेकींवर चढवू नका.

सुई अकरा किंवा बारा नंबरची, धागा रेशमाचा, एकपदरी. चिरेला आडवे, दोन्ही बाजूंना पाऊण सेंटीमीटर जाणारे लांब टाके घाला, दोन टाक्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवा. मग त्या प्रत्येक लांब टाक्यावर दोन-तीन ठिकाणी बारीक टाका घालून तो जागेवर बसवा. टाका आवळायचा नाही, कापडावर नुसता टेकला पाहिजे. शेवटी अस्तराची बाहेरची कड सैल, धावत्या टाक्याने साडीला जोडा, तीही चिरेपासून दूर, दमदार भागात. सुई विणीच्या दोन धाग्यांमधून जायला हवी. धागा भोसकला तर तिथे नवीन चीर सुरू होते. इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग अजिबात नको. त्याचा गोंद रेशमात उतरतो, काही वर्षांनी कडक होतो आणि त्याच्या कडेने कापड तुटतं.

वासासाठी: पंखा मंद ठेवून, ऊन येत नाही अशा खोलीत, सुती चादरीवर साडी पसरा. सकाळ-संध्याकाळ बाजू बदला. दोन-तीन दिवसांत डांबरगोळ्यांचा वास बराच उतरतो. पावसाळ्यात हे करू नका, दसऱ्यानंतरची कोरडी हवा योग्य. अत्तर किंवा कपड्यांवर मारायचा सुगंधी फवारा वापरू नका. वास लपतो, अल्कोहोल आणि तेल मात्र जरीवर राहतं.

असावली:
मनापासून आभार. दोन्ही तपासण्या केल्या. जरीच्या सोनेरीखाली पांढरी चमक आणि आत रेशीम निघालं. पाण्याच्या तपासणीत राणी रंगाचा कापडावर अगदी पुसट गुलाबी ठसा आला, हिरव्याचा आला नाही. स्पिरिटला मात्र राणी आणि मोराचा जांभळा दोन्ही चांगलेच सुटले. म्हणजे हळदीला हात लावायचा नाही ना? आणि लग्नानंतर ठेवायची कशी, घडी की गुंडाळी?

काचकांजी:
बरोबर, आता हळदीला हात लावू नका. स्पिरिटला रंग सुटतो म्हटल्यावर डागाबरोबर राणी रंगही निघेल. उन्हाचा माझा सल्लाही या साडीपुरता सोडून द्या.

ड्रायक्लीनही लग्नाआधी नको. तेलकट डाग नाही, मग द्रावणात घोळून काय साधणार? वास हवेने जाईल. लग्नात तुपाचा किंवा तेलाचा डाग पडलाच तर लगेच त्यावर बिनसुगंधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअरचा जाड थर टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी ब्रशने काढा, गरज पडली तर पुन्हा टाका. पाणी लावू नका. पदार्थ सांडला तर घाबरून ओला रुमाल फिरवणं हेच सर्वांत महाग पडतं. टिपायचं, घासायचं नाही, आणि सांडलेला घट्ट भाग चमच्याच्या कडेने उचलायचा. कुंकू पडलं तर हात लावू नका, वाकून साडी उलटी करा आणि झटका. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात रासायनिक रंग असतो, पाण्याचा थेंब लागला की तो रेशमाला रंगवतो.

वस्त्रजतन:
जागा असेल तर गुंडाळी. साडीचा पन्हा पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच, म्हणून निदान पन्नास इंच लांब आणि तीन-चार इंच व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्या. कापड दुकानात तागे गुंडाळायला असते तशी. पीव्हीसीचा पाइप नको, ते प्लॅस्टिक जुनं होताना आम्लाचे वायू सोडतं. पुठ्ठाही आम्लधर्मी असतो, म्हणून त्यावर आधी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि तिच्यावर मलमल गुंडाळा. मलमल नवी असेल तर दोनदा गरम पाण्यात धुऊन तिची खळ काढा, नीळ-स्टार्च काही लावू नका. पदराच्या उलट टोकापासून सुरुवात करा, म्हणजे पदर शेवटी येईल आणि सगळ्यांत मोठ्या वळणावर राहील. साडी गुंडाळताना सोबत मलमलचा एक थर घेत जा, म्हणजे जरी जरीवर घासत नाही. सगळ्यावर मलमलचं वेष्टण आणि सुती नाडी. रबरबँड कधीच नाही, रबरातलं गंधक चांदी काळी करतं. वर्तमानपत्र आणि लोकर हीसुद्धा जरीजवळ नकोत.

नळीला जागा नसेल तर घडी घाला, पण घडीच्या प्रत्येक मोडीत मलमलचा हातभर लांब, मनगटाएवढा जाड सुरळा ठेवा. रेघ पडतच नाही, गोल वळण राहतं. आणि दर तीन महिन्यांनी उघडून जुन्या मोडीपासून चार बोटं सरकवून नवी घडी. तुमच्या साडीला चिरा पडल्या त्या एकाच मोडीवर वर्षानुवर्षं राहिल्यामुळे. धातूची तार वाकलेली असते, ती शेजारच्या रेशमाच्या धाग्यावर सतत दाब देते. हँगरला लटकवू नका, जरीचा पदर जड असतो आणि त्याचं वजन दांडीवरच्या एका रेघेवर येतं.

प्लॅस्टिक बंद. कोकणपट्टीच्या हवेत त्यात ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. लोखंडी कपाट प्लायवूडपेक्षा बरं, प्लायच्या गोंदातून वायू सुटत राहतात. पावसाळ्यात त्या खणात सिलिका जेलच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवा, साडीला न लागता. केशरी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतात.

डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. ते दोन्ही एकमेकांत मिसळले की पातळ होतात आणि तेलकट डाग पाडतात. कसर आणि इतर किड्यांसाठी वेखंडाचे तुकडे आणि लवंगा सुती पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, दर सहा महिन्यांनी बदला. वास किड्यांना थोडाफार दूर ठेवतो, पण खरं काम तीन महिन्यांनी कपडे हलवण्याने होतं. कसर आणि पतंगाच्या अळ्या न हलणाऱ्या, अंधाऱ्या जागी वाढतात.

मुकटा:
कोशाच्या ओढणीचं कुणी सांगितलं नाही, ते मी सांगतो. आरमोरी-नागभीडकडचा किंवा भंडाऱ्याचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, असेल, जरी नसेल आणि नैसर्गिक मधाळ रंगाचा असेल तर घरी खुशाल धुवा. पूजेचा मुकटा, कद, साधा रेशमी कुडता यांनाही हीच रीत.

बोअरचं पाणी नको. त्यातला चुना साबणाशी मिळून साका धरतो आणि रेशीम निस्तेज दिसतं. नळाचं चालेल, शेवटच्या पाण्याला आरओचं उत्तम. पाणी हाताला गार किंवा जेमतेम कोमट लागावं, ३० अंशांच्या वर नाही. कपडे धुण्याची नेहमीची पावडर वापरू नका. ती अल्कलीयुक्त असते आणि बहुतेकींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. डाळीचा, दुधाचा डाग तोडणारं एन्झाइम रेशीमही तोडतं, एका धुण्यात कळत नाही, आठ-दहा धुण्यांत कापड विरतं. ईझीसारखं लोकर-रेशमासाठीचं द्रव घ्या, पाच लिटर पाण्याला एक चहाचा चमचा भरपूर झाला. ब्लीच तर अजिबात नाही, क्लोरीनमध्ये रेशीम अक्षरशः विरघळतं.

रिठा वापरायचा तर एका ओढणीला चार, साडीला दहा-बारा. बिया काढा, टरफलं अर्धा लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून सुती फडक्यातून दोनदा गाळा. चोथा राहिला तर त्याचे तपकिरी ठिपके पडतात. पांढऱ्या किंवा फार फिक्या रेशमाला रिठा वापरू नका, पिवळट झाक येते. कोशाला तो अडचण करत नाही.

ओढणी आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, मग साबणाच्या पाण्यात घाला. कोरडं कापड थेट साबणात टाकलं तर तो एका ठिकाणी जास्त शोषला जातो. तीन ते पाच मिनिटं हाताने वर-खाली करा, दाबा, सोडा. चोळणं, आपटणं, ब्रश काहीही नाही. ओलं रेशीम घासलं की धाग्यातले तंतू वर येतात आणि तिथे पांढरट चरा दिसतो, तो नंतर मिटत नाही. फेस जाईपर्यंत दोन-तीन पाणी बदला. शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला. उरलेली अल्कली मारली जाते आणि रेशमाची चमक परत येते. त्यात दोन मिनिटं ठेवा आणि एकदा साध्या पाण्यातून काढा. रंगीत कापडाला व्हिनेगर आधी कोपऱ्यावर तपासा.

पिळू नका. कोरड्या टॉवेलवर सपाट पसरा, टॉवेलसकट सुरळी करा, वरून तळहाताने दाबा. मग सावलीत, उलटी करून, जाड दांडीवर वाळत घाला. तारेवर घातली की मधोमध तारेचा वळ येतो. चिमटे नकोत.

इस्त्री करताना कोशात आणि साध्या रेशमात फरक आहे, इथे पुष्कळ लोक चुकतात. तुतीच्या रेशमाला, म्हणजे कद, कुडता वगैरेंना, जरा ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करावी. कोसा मात्र पूर्ण वाळू द्या आणि मगच इस्त्री करा. पाण्याचे शिंतोडे मारू नका. कोसा ओला-सुका असताना इस्त्री फिरली की थेंबांच्या कडा उमटतात, आणि मग सगळं कापड परत भिजवल्याशिवाय त्या जात नाहीत. दोन्हींना इस्त्री दोन ठिपक्यांच्या खुणेपर्यंतच, म्हणजे १५० अंशांच्या आत, मध्ये पातळ सुती कापड ठेवून. वाफेचं बटण बंद, वाफेच्या इस्त्रीतून एखादा थेंब गळतोच.

ताणाबाणा:
फॉलबद्दल एक मुद्दा राहिला. जुना फॉल सुती असेल आणि साडीला घडीजवळ चुण्या ओढत असेल तर लग्नाआधी उसवून नवीन लावा. पिको करणाऱ्याला देण्याआधी फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. आटायचा तो आधीच आटतो. त्याच पाण्यात फॉलचा रंग सुटतो का तेही कळतं, हिरव्या काठाला स्वस्तातला हिरवा फॉल लावला आणि पावसात भिजला तर रंग थेट काठात उतरतो. टाके हातशिलाईचेच सांगा, सैल. मशीनची सुई जरीची तार कापते.

असावली:
नेसताना आणि नेसून झाल्यावर काय सांभाळायचं तेवढं सांगा, मग चर्चा थांबवू.

काचकांजी:
अत्तर, हेअर स्प्रे, डिओ सगळं साडी नेसायच्या आधी, आणि वाळल्यावर नेसा. काखेचा प्रश्न ब्लाउजचा. डिओतले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून रेशमाचा रंग बदलतो आणि कापड कडक करतो, म्हणून ब्लाउजमध्ये सुती स्वेट पॅड शिवून घ्या. पदराला खांद्यावर एकच पिन नको, पदर जड आहे, ओढ एका जागी येते. दोन पिना लावा, पिन आणि पदर यांच्यामध्ये सुती कापडाचा नाण्याएवढा तुकडा घाला, आणि पिन जरीतून न नेता रेशमाच्या भागातून न्या. आधाराचे टाके घातलेल्या चिरा कुठे येतात ते आधी बघा, त्या खांद्यावर येत असतील तर पदर थोडा लांब सोडा. गजरा मानेवरून पदरावर घासू देऊ नका. मोगऱ्याचा रस वाळला की तपकिरी होतो, अबोलीचा रंग सरळ उतरतो.

नेसून झाल्यावर लगेच घडी घालू नका. पिना आधी काढा, रात्रभर राहिल्या तर गंजाचा ठिपका येतो. सपाट पसरून दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा, अंगाचा ओलावा जाऊ द्या. कमरेचा भाग, निऱ्यांची खालची कड आणि पदर टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे सरबताचे थेंब त्यात कडक चकतीसारखे दिसतात. असा थेंब दिसला तर त्याला दोरा टाकून ठेवा आणि आठवड्याच्या आत जाणकार ड्रायक्लीनरकडे न्या. राणी रंग पाण्याला थोडा सुटतो हे त्यांना आधी सांगा, ते त्या एका जागेपुरतं काम करतील. कुठेच डाग नसेल तर साडी तशीच नळीवर गुंडाळा, ड्रायक्लीन नको.